दीड किलोमीटरची तार

दोन्ही हातांची बोटे धातूच्या चकत्यांवर टेकवून तीस सेकंद स्वस्थ बसले की मोबाइलच्या पडद्यावर हृदयाचा विद्युत आलेख उमटतो. घरच्या घरी ईसीजी काढणारी अशी यंत्रे आज देहरादूनला बनतात, नोएडाला बनतात. काही मनगटी घड्याळांत तर ती आधीपासूनच दडलेली असतात. या आलेखाची पीडीएफ उघडली तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक नोंद सापडते : सेकंदाला २५ मिलिमीटर, मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. मोबाइलच्या पडद्याला खरे तर मिलिमीटरशी काही देणेघेणे नाही. चित्र दोन बोटांनी ताणून हवे तेवढे मोठे करता येते. तरीही ही नोंद तेथे आहे, कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हॉलंडमधील लायडन येथे एका फोटोच्या काचेने किती वेगाने सरकावे हे एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ठरवले आणि त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांचे डोळे त्याच प्रमाणाला सरावले. यंत्र बदलले, माध्यम बदलले. वाचणाऱ्याची सवय बदलली नाही. हृदयालेखाचा इतिहास बहुधा यंत्राच्या घटत्या वजनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिला तर निराळा दिसतो, आणि भारतापुरता तरी तोच अधिक महत्त्वाचा आहे.

आरंभ लंडनमध्ये झाला. सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यक विद्यालयात ऑगस्टस डिझायरे वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाच्या ठोक्याबरोबर होणारे विद्युत बदल शरीराच्या बाहेरून, कातडीला कोठेही छेद न देता, टिपून दाखवले. साधन होते गाब्रिएल लिपमन यांचे केशिका विद्युतमापी : बारीक काचनळीत पारा आणि त्यावर सल्फ्युरिक आम्ल. विद्युतदाब बदलला की दोहोंच्या सीमेवरचा पृष्ठताण बदलतो आणि पाऱ्याचा माथा किंचित वरखाली होतो. हालचाल इतकी सूक्ष्म आणि पारा इतका जड की खऱ्या तरंगाचा आकार त्यात चेपला जाई. वॉलर यांचा आवडता प्रयोगविषय त्यांचा बुलडॉग जिमी हा होता. त्याचे पंजे मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते जाहीर प्रात्यक्षिके करीत. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीतील अशाच एका प्रात्यक्षिकावरून प्राण्यांच्या छळाची तक्रार थेट ब्रिटिश संसदेत गेली. भांड्यात साधे मीठ घातलेले पाणी होते आणि समुद्रात पाय बुडवलेल्या कोणालाही तो अनुभव परिचित असावा, अशा आशयाचे उत्तर गृहमंत्र्यांना सभागृहात द्यावे लागले.

वॉलर यांचे नाव भारतीय विज्ञानाच्या इतिहासातही येते, मात्र वेगळ्या प्रकरणात. १९०१ साली जगदीशचंद्र बोस लंडनमध्ये वनस्पतींच्या आणि धातूंच्या विद्युत प्रतिसादावर व्याख्याने देत होते. वनस्पतींमधील विद्युत प्रतिसाद आधी कोणी दाखवला यावरून त्यांचा ज्यांच्याशी प्राधान्याचा वाद झाला, ते हेच वॉलर. सजीवातील विद्युत हे तेव्हा शरीरक्रियाशास्त्राचे कुंपणबंद क्षेत्र मानले जाई. कोलकात्याच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने त्यात पाऊल टाकावे, हे तेथील काही प्रस्थापितांना रुचले नव्हते. तो वाद वनस्पतींचा होता, हृदयाचा नव्हे. पण हृदयालेखाला ज्यांनी जन्म दिला त्या वर्तुळाचा स्वभाव त्यातून कळतो.

स्वतः वॉलर यांना आपल्या शोधाची व्याप्ती उमगली नव्हती. रुग्णालयात या तंत्राचा फार मोठा उपयोग होईल असे वाटत नाही, एखाद्या दुर्मीळ विकाराच्या नोंदीपुरते ते क्वचित कामी येईल, असे मत त्यांनी १९११ मध्येही मांडले होते. तोपर्यंत लायडनमध्ये नेमके उलटे सिद्ध होत आले होते.

विलेम आइंटहोवन यांचा जन्म १८६० सालचा, तोही युरोपात नव्हे तर जावा बेटावरील सेमारांग येथे. १८८९ मध्ये बाझेल येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहिले. केशिका विद्युतमापीच्या चेपलेल्या रेषेवरून खरा तरंग कसा असेल हे त्यांनी प्रथम गणिताने काढले आणि त्यातील चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी तीच अक्षरे गिरवतो. पण प्रत्येक आलेखामागे इतके गणित करणे हा उपाय नव्हे, हे आइंटहोवन यांना पुरते ठाऊक होते. हवे होते असे मापक ज्याचे जडत्व जवळजवळ नसेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी ते घडवले. वितळलेले क्वार्ट्‌झ बाणाला चिकटवून बाण सोडायचा. मागे ताणला जाणारा धागा केसाहून कितीतरी बारीक, काही मायक्रोमीटर जाडीचा निघतो. बाणाची ही युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॉइज यांची. त्या धाग्यावर चांदीचा मुलामा देऊन तो प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणला, की हृदयातून येणारा अत्यल्प प्रवाहही त्याला बाजूला ढकलतो. धाग्याची सावली भिंगांनी मोठी करून सरकत्या काचेवर पाडली की आलेख तयार.

यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते. ते चालवायला पाच माणसे लागत. चुंबक तापू नये म्हणून पाणी खेळवावे लागे, प्रकाशासाठी विद्युतज्योतीचा दिवा लागे, आणि रुग्णाला हात व पाय मिठाच्या पाण्याच्या पात्रांत बुडवून बसावे लागे. एवढा पसारा रुग्णालयात हलवणे शक्य नव्हते, आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण प्रयोगशाळेत आणणेही शक्य नव्हते. दोहोंमधील अंतर होते सुमारे दीड किलोमीटर. आइंटहोवन यांनी ते टेलिफोनच्या तारेने जोडले. २२ मार्च १९०५ रोजी लायडनच्या रुग्णालयातील एका माणसाच्या हृदयाचा आलेख दीड किलोमीटर दूर प्रयोगशाळेत उमटला. हा माणूस रुग्ण नव्हता. तो धडधाकट गृहस्थ प्रयोगशाळेतून सायकल मारत रुग्णालयात गेला होता, आणि आलेखातील आर तरंगाच्या वाढलेल्या उंचीचा संबंध त्या सायकलस्वारीशी लावला गेला. पुढच्या वर्षी या कामाचा वृत्तांत 'टेलिकार्डिओग्राम' या नावाने प्रसिद्ध झाला.

या घटनेकडे बहुधा गमतीचा भाग म्हणून पाहिले जाते. वास्तविक दूरवैद्यकाची सारी रचना त्यात आधीच आहे. हृदय एका ठिकाणी, वाचणारा दुसऱ्या ठिकाणी, मध्ये तार. आणि वाचून झाल्यावर उपचार पुन्हा पहिल्या ठिकाणीच व्हायचे. तार एकाच दिशेने वाहून चालत नाही. लायडनमध्ये परतीची सोय सोपी होती, कारण दुसऱ्या टोकाला रुग्णालयच होते.

केंब्रिजच्या एका उपकरण कंपनीने हे मापक बाजारात आणले. कंपनीच्या मुळाशी चार्ल्स डार्विन यांचे पुत्र होरेस होते. लंडनमध्ये टॉमस लुइस यांनी १९०९ च्या सुमारास या यंत्राने नाडीच्या एका कुप्रसिद्ध अनियमिततेचा उगम अलिंदांच्या थरथरीत असल्याचे दाखवले. आज तिला एट्रियल फिब्रिलेशन, संक्षेपाने एएफ, म्हणतात. मोबाइलच्या कथेत ती पुढे मध्यवर्ती ठरते. १९२४ साली आइंटहोवन यांना नोबेल मिळाले.

यानंतरचा एक टप्पा मात्र घाईने ओलांडता येत नाही. आइंटहोवन यांच्याकडे तीन 'लीड' होते. लीड म्हणजे हृदयाकडे पाहण्याची दिशा. उजवा आणि डावा हात यांच्यातील विद्युतदाबाचा फरक हा पहिला लीड. उजवा हात-डावा पाय आणि डावा हात-डावा पाय हे दुसरा आणि तिसरा. हृदय ही त्रिमितीत पसरलेली स्नायूंची पिशवी आहे. तिच्यातून पसरणाऱ्या विद्युत लहरीची सावली प्रत्येक लीडमध्ये वेगळी पडते. १९३०च्या दशकात फ्रँक विल्सन यांच्या कामातून छातीवरचे लीड आले, १९४२ मध्ये इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या लीडची आणखी तीन रूपे दिली, आणि बारा लीडचा ईसीजी रूढ झाला. त्यामुळेच हृदयविकाराचा झटका आला आहे का आणि हृदयाच्या कोणत्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला आहे, हे कागदावरून ओळखता येऊ लागले. एका दिशेने पाहून ते कळत नाही. हिमालयाचे दक्षिणेकडून काढलेले छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी उत्तरेच्या उतारावर दरड कोसळली आहे का, हे त्यातून सांगता येणार नाही, तसेच हे.

यंत्र घराबाहेर, रस्त्यावर, रोजच्या धावपळीत नेण्याचे श्रेय अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील नॉर्मन होल्टर यांना जाते. हा गृहस्थ मूळचा भौतिकी आणि रसायनशास्त्राचा; १९४६ मध्ये बिकिनी बेटावरील अणुचाचण्यांच्या वेळी समुद्राच्या लाटा मोजणाऱ्या गटाचा तो प्रमुख होता. स्वस्थ पडलेल्या माणसाचे हृदय पाहून चालत्या-बोलत्या माणसाविषयी काय कळणार, हा त्याचा प्रश्न होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याने तयार केलेला रेडिओ ईसीजी पाठीवर घ्यायचा होता आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. एका जागी उभ्या केलेल्या सायकलवर हे ओझे पाठीवर घेऊन बसलेल्या होल्टरचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ट्रान्झिस्टर आले, चुंबकीय फीत आली आणि १९६१ मध्ये त्याने 'सायन्स' नियतकालिकात नव्या पद्धतीचा लेख लिहिला, तोपर्यंत यंत्र अंगावर सहज वागवता येण्याजोगे झाले होते. चोवीस तासांच्या नोंदीला आजही आपल्याकडच्या रुग्णालयांत 'होल्टर लावणे' असेच म्हणतात; एखाद्या माणसाच्या नावाचे इतके बेमालूम सामान्यनाम क्वचितच होते.

१९७०च्या दशकात पेसमेकर बसवलेल्या रुग्णांची तपासणी टेलिफोनवरून होऊ लागली. हृदयाच्या विद्युत संकेताचे सुरात रूपांतर करायचे, रिसीव्हर त्यावर धरायचा, दुसऱ्या टोकाला सुराचे पुन्हा रेषेत रूपांतर व्हायचे. हे जुने तंत्र ओळखीचे असले की २०१० च्या डिसेंबरात ओक्लाहोमाच्या डेव्हिड अल्बर्ट यांनी यूट्यूबवर टाकलेली चित्रफीत जादूसारखी वाटत नाही, आणि तरीही तिचे कौतुक कमी होत नाही. आयफोनच्या पाठीवर बसणारी, दोन धातूचकत्यांची एक पट्टी. तिच्यावर बोटे ठेवली की पडद्यावर ईसीजी. पट्टी फोनला तारेने जोडलेली नव्हती. आतले छोटे मंडल हृदयाच्या दाबाबरोबर एका सुराची वारंवारिता बदलत असे. हा सूर सुमारे १९ हजार हर्ट्‌झचा, म्हणजे बहुतेक प्रौढांच्या कानांच्या पलीकडचा. फोनचा मायक्रोफोन तो ऐके आणि अ‍ॅप त्यातून आलेख वेगळा काढी. एफएम रेडिओचेच तत्त्व, फक्त रेडिओलहरींच्या जागी ध्वनी. अलाइव्हकोर या त्यांच्या कंपनीच्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता २०१२ च्या अखेरीस मिळाली. एएफ आपोआप ओळखणाऱ्या गणनरीतीला २०१४ मध्ये. अ‍ॅपलच्या घड्याळात ईसीजी २०१८ मध्ये आला, आणि भारतातील वापरकर्त्यांसाठी ती सोय २०१९ च्या सप्टेंबरात खुली झाली.

उजव्या आणि डाव्या हाताच्या बोटांमधील दाबाचा फरक, हीच या सर्व यंत्रांची मूळ नोंद आहे. म्हणजे आइंटहोवन यांचा पहिला लीड. मिठाच्या पाण्याची पात्रे गेली, चकत्या आल्या. पाहण्याची दिशा तीच राहिली. यंत्र हलके होताना बारापैकी अकरा दिशा मात्र गळून पडल्या.

भारतात या कथेने निराळे वळण घेतले, कारण येथे प्रश्न आधी घराचा नव्हता, अंतराचा होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी इस्रोच्या उपग्रहांच्या साहाय्याने दूरच्या जिल्हा रुग्णालयांतील हृदयरोग कक्ष मोठ्या केंद्रांशी जोडले गेले. कर्नाटकातील चामराजनगर आणि बेंगळुरूचे नारायण हृदयालय हे त्याचे ठळक उदाहरण. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शरीराच्या विद्युत मोजमापावर काम करण्याची परंपरा कित्येक दशकांची आहे. अणुभट्ट्यांच्या संस्थेत हृदयाचे काम कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण सूक्ष्म संकेत गोंगाटातून वेगळा काढणे ही दोन्हीकडची गरज आहे. तेथे तळहातावर मावणारे, मोबाइलला जोडता येणारे बारा लीडचे टेली-ईसीजी यंत्र तयार झाले आणि पुढे त्याचे क्रेडिट कार्डाएवढे रूपही आले. तंत्रज्ञान उद्योगांना हस्तांतरित करण्यात आले. पाश्चात्त्य बाजारात एक लीड पुरेसा मानला जात असताना येथे बाराही दिशा राखण्याचा आग्रह धरला गेला, हा योगायोग नव्हे. तालुक्याच्या गावी छातीत दुखणाऱ्या माणसाला लय बिघडली का यापेक्षा झटका आला का, हे आधी कळावे लागते.

त्या प्रश्नाचे भारतीय उत्तर तामिळनाडूत सर्वांत नीट तपासले गेले. लहान रुग्णालये आणि रुग्णवाहिका यांतून ईसीजी मोबाइल जाळ्यावरून मोठ्या केंद्राला पाठवायचा, गुठळी विरघळवणारे औषध जागीच द्यायचे, आणि मग रुग्णाला पुढे अँजिओप्लास्टीसाठी न्यायचे, अशी ही 'केंद्र आणि आरे' रचना. २४२० रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले होते. गोव्यातही नंतर याच धर्तीची योजना सुरू झाली. दिल्लीत २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एम्सच्या परिसरात मोटरसायकलवरून परिचारक पाठवण्याचा प्रयोग केला. त्यांनी रुग्णाच्या घरीच ईसीजी काढायचा, तो एम्समधील डॉक्टरांनी वाचायचा आणि उपचाराचा आरंभ घरातच व्हायचा. मंगळुरूचे हृदयरोगतज्ज्ञ पद्मनाभ कामत यांनी तर ग्रामीण आरोग्य केंद्रांना ईसीजी यंत्रे मिळवून दिली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर आलेख वाचायला सुरुवात केली. गाजावाजा स्वस्त यंत्राचा होतो. या सर्व प्रयत्नांत दुर्मीळ वस्तू मात्र दुसरीच होती : रात्री दोन वाजता आलेख उघडून पाहणारा माणूस.

आता घरगुती वापराकडे वळता येईल. नोएडाच्या अगात्सा कंपनीचे 'संकेतलाइफ' आणि देहरादूनच्या सनफॉक्सचे 'स्पंदन' ही दोन नावे भारतीय वाचकांच्या परिचयाची आहेत. दोन्ही खिशात मावणारी, दोन्ही मोबाइलवर चालणारी, आणि दोहोंचा दावा एका लीडपुरता थांबत नाही. यंत्र किंवा त्याची टोके छातीवरील नेमून दिलेल्या जागी एकामागून एक टेकवून बारा दिशांचे चित्र जुळवायचे, ही त्यामागची कल्पना. कल्पना चतुर आहे. भौतिकीच्या दृष्टीने तिची एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी लागते. रुग्णालयातील यंत्र एकाच ठोक्याकडे अनेक दिशांनी एकाच वेळी पाहते. क्रमाने घेतलेल्या नोंदीत प्रत्येक दिशेला वेगळा ठोका मिळतो. लय स्थिर असेल तर फरक फारसा पडत नाही. लयच बिघडलेली असेल तर प्रत्येक ठोका वेगळा, आणि तुलनेचा आधार डळमळतो. शिवाय जागा दोन बोटे चुकली तर तरंगाचा आकार बदलतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या छातीवर त्याचाच मुलगा घाईघाईने यंत्र टेकवत असताना जागा चुकणे अगदी शक्य आहे.

एका लीडच्या यंत्रांचे बलस्थान लय हेच आहे, आणि तेथे त्यांनी खरोखर क्रांती केली. एएफमध्ये अलिंदे एकसंध आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला शेकडो वेळा थरथरतात. आलेखात पी तरंग नाहीसा होतो आणि दोन आर तरंगांमधील अंतर बेशिस्त होते. ही दोन्ही लक्षणे पहिल्या लीडमध्ये दिसतात. हा विकार येतो-जातो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत लय पूर्ववत झालेली असते आणि डॉक्टरांच्या हाती स्वच्छ ईसीजी पडतो. धडधड सुरू असतानाच बोटे टेकवून घेतलेली तीस सेकंदांची नोंद अशा वेळी बहुमोल ठरते. हात थरथरत असेल, त्वचा कोरडी असेल किंवा भिंतीतील वायरिंगचा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट शिरला असेल तर गणनरीती 'निष्कर्ष नाही' असे सांगते, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. धोका उलट्या बाजूला आहे. 'सामान्य लय' हे शब्द वाचून छातीतील कळ अंगावर काढणारा माणूस हा या तंत्रज्ञानाचा सर्वांत धोक्यातला वापरकर्ता. लय सामान्य असतानाही हृदयाचा झटका चालू असू शकतो. अ‍ॅपलचे घड्याळही स्वतःच सांगते की ते हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. पण ती सूचना कोणी वाचत नाही.

निरोगी माणसांनी रोज लय तपासावी काय? याचे उत्तर शोधण्यासाठी मोठे प्रयत्न झाले. अमेरिकेत अ‍ॅपलच्या घड्याळाच्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक सहभागी झाले, त्यांतील निम्म्याहून अधिक चाळिशीच्या आतले. अनियमित नाडीची सूचना ०.५२ टक्के लोकांना मिळाली. ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून नोंद परत पाठवली त्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांमध्ये एएफ आढळले. डेन्मार्कच्या २०२१ मधील लूप अभ्यासात ७० वर्षांवरील ६००४ जणांचा विचार झाला. त्वचेखाली नोंदक बसवलेल्या गटात एएफ ३१.८ टक्के लोकांत सापडले, नेहमीच्या देखरेखीखालील गटात १२.२ टक्के लोकांत. शोध जवळजवळ तिप्पट. पक्षाघातात मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम अशी घट दिसली नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या नागरिकांना दोन आठवडे हातातले ईसीजी यंत्र देऊन पाहिले तेव्हा लाभ दिसला, पण अल्प. अधिक बारकाईने शोधले की अधिक सापडते, एवढे नक्की; सापडलेल्या प्रत्येक थरथरीला औषध लागते का, हे नक्की नाही.

हे सारे आकडे बहुतांश गोऱ्या, झडपा शाबूत असलेल्या लोकांचे आहेत. भारतीय हृदय येथे वेगळे निघते. भारतीय हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदवहीत २०११-१२ मध्ये देशभरातील २४ केंद्रांतून १५३७ एएफ रुग्णांची माहिती जमा झाली. त्यांचे सरासरी वय ५४.७ वर्षे होते. पाश्चात्त्य नोंदींत ते सत्तरीच्या आसपास असते. आणि ४७.६ टक्के रुग्णांच्या झडपा ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेल्या होत्या. बालपणी घशाला झालेल्या जिवाणू-संसर्गानंतर येणारा हा ताप दाटीवाटीच्या, ओलसर घरांचा आजार आहे. युरोपातून तो जवळजवळ हद्दपार झाला, आपल्याकडून अजून नाही. शहरातल्या ज्या मनगटांवर महागडी घड्याळे आहेत आणि ज्या छातीत हा विकार आहे, ती माणसे बहुधा एक नसतात.

म्हणूनच गुजरातच्या आणंद जिल्ह्यातील प्रयोग लक्षात राहतो. करमसदची चारुतर आरोग्य मंडळ ही संस्था आणि अमेरिकेतील संशोधक यांनी २०१५ मध्ये गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती मोबाइल ईसीजी दिला. पन्नाशी ओलांडलेल्या ३५४ ग्रामस्थांच्या नोंदी घरोघर जाऊन घेतल्या गेल्या आणि ५.१ टक्के लोकांत एएफ आढळले. पुढे चाळिशीवरील सुमारे दोन हजार लोकांच्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण १.६ टक्के निघाले. वयोगट आणि निवड बदलली की टक्केवारी बदलते, हे विद्यार्थ्यांनी येथे ताडून पाहावे. दोन्ही पाहण्यांतून एक गोष्ट मात्र निर्विवाद सिद्ध झाली : आलेख काढण्यासाठी डॉक्टर लागत नाही, आणि काढणाऱ्या व्यक्तीला घरात विश्वासाने येऊ दिले जाते.

तारेची परत येणारी बाजू मग उरते. ऱ्हुमॅटिक झडपेच्या रुग्णाला एएफ असेल तर डाव्या अलिंदात रक्त साचून गुठळी होण्याचा धोका फार असतो आणि रक्त पातळ ठेवणारे औषध आवश्यक ठरते. गेल्या दीड दशकात या औषधांची नवी पिढी आली. तिला नियमित रक्ततपासणी लागत नाही. खेड्यातील रुग्णाला ती सोयीची पडेल अशी आशा होती. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस या २४ देशांतील चाचणीचे निष्कर्ष आले. ऱ्हुमॅटिक हृदयविकार आणि एएफ असलेल्या ४५३१ रुग्णांमध्ये नव्या पिढीतील रिव्हरॉक्साबॅनपेक्षा वॉरफेरिनच्या कुळातील जुनी औषधे सरस ठरली. त्या गटात मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही वाढला नाही. म्हणजे या रुग्णांसाठी जुनेच औषध. त्याची मात्रा हिरव्या पालेभाज्यांनी बदलते, इतर गोळ्यांनी बदलते, आणि ती योग्य आहे का हे पाहण्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त गोठण्याचा वेळ, आयएनआर, मोजावा लागतो. ज्या घरात तीस सेकंदांत ईसीजी निघाला त्या घरापासून ही तपासणी करणारी प्रयोगशाळा किती दूर आहे, यावर त्या ईसीजीचा उपयोग ठरतो. बोटाच्या एका थेंबावर आयएनआर दाखवणारी, हातात मावणारी यंत्रे आता मिळतात. ईसीजीच्या पट्टीला दोन बोटांखेरीज काही लागत नाही. या यंत्राला मात्र दर वेळी नवी पट्टी लागते, आणि ती विकत घ्यावी लागते.